काठोकाठ पेला

काच फुटते ती काचेच्या दोषाने नाही, बांधणाऱ्याच्या दोषाने, असं तो जन्मभर म्हणत आला. प्रयोगशाळांसाठी काचेच्या नळ्या आणि चंबू बनवणाऱ्या कारखान्यात तो पॅकिंग खात्यात लागला आणि तिथूनच निवृत्त झाला. बाकीचे लोक खोकं भरून, दोरी आवळून मोकळे व्हायचे. हा भरलेलं खोकं कानाशी धरून हलवायचा, आत जरा काही खुळखुळलं की पुन्हा सगळं उपसायचा. बाहेर ट्रकवाले हॉर्न वाजवून दमायचे आणि आतून याचा एकच शब्द यायचा, सावकाश. त्यावरून त्याचं नाव पडलं सावकाशराव. खरं नाव कुठल्यातरी पगारपत्रकात असेल, ते घेऊन आपल्याला काय करायचंय. त्याने बांधलेलं खोकं फुटून परत आलं असं मात्र कधी झालं नाही. हे त्याच्या शत्रूनेही कबूल केलं असतं, शत्रू करण्याइतकी घाई त्याने कधी केली असती तर.

आणि अशा माणसाच्या बायकोच्या पाठीचे मणके आतून पोखरले गेले. रोगाचं मूळ दुसरीकडे होतं, पण बिऱ्हाड येऊन बसलं ते पाठीत. बाई मोठी बोलकी. औषधांच्या गोळ्या हातावर घेऊन त्यांच्याशीही दोन शब्द बोलणारी. दुखण्याने तिचं चालणं मंदावलं, पण तोंड चालूच होतं.

डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून दोन गोष्टी सांगितल्या. एक, हाडं ठिसूळ झालीत, धक्का बसू देऊ नका. दुसरी, कुठं जायचं-यायचं असेल, कुणाला भेटायचं असेल, तर ते आत्ताच उरकून घ्या. बायकोने दुसरी गोष्ट ऐकली. नवऱ्याने पहिली. एकाच खोलीत, एकाच बाकावर, खांद्याला खांदा लावून बसलेली दोन माणसं, पण ऐकून बाहेर पडली ती वेगवेगळं. पुढचं सगळं रामायण इथून सुरू होतं.

तिला भेटायचं होतं तिच्या थोरल्या बहिणीला. आई लहानपणीच गेली तेव्हा या ताईनेच तिच्या वेण्या घातल्या, तिची आजारपणं काढली, तिला सासरी पाठवलं. आता ताई डोंगरापलीकडच्या गावात खाटेला खिळून होती, तिचे पाय गेले होते. म्हणजे जायचं तर हिनेच. दोघी रोज दुपारी फोनवर बोलायच्या, पण फोनवर काही कुणाच्या मांडीवर डोकं ठेवता येत नाही. बायको म्हणाली, "अहो, मला एकदा ताईकडे न्या. बाकी काही मागत नाही." तो म्हणाला, नेतो की, त्यात काय. आणि खरंच न्यायचं होतं त्याला. तिच्यासाठी त्याने जीव गहाण टाकला असता. या गोष्टीबद्दल कुणी शंका घेतली तर माझ्याशी गाठ आहे.

गाडी होती. निवृत्तीच्या वेळी घेतलेली छोटी एसयूव्ही, दिसायला झोकदार, मोठी चकचकीत चाकं आणि त्यांच्यावर पट्टीसारखे बारीक टायर. डॉक्टरीणबाईंकडून परतताना घराजवळच्या गतिरोधकावर ती गाडी धाडकन आदळली आणि बायकोने त्याचं मनगट धरलं. तिच्या तोंडून एक आवाज निघाला. काही नाही हो, दचकले, असं ती लगेच म्हणाली. पण तो आवाज त्याच्या कानात जाऊन बसला तो बसलाच. डोंगरापलीकडचा रस्ता त्याला माहीत होता. तिथे रस्त्यात खड्डे नव्हते, खड्ड्यांत मधूनमधून रस्ता होता.

मग त्याने तेच केलं जे त्याला येत होतं. पॅकिंग.

पहिल्यांदा गेला टायरवाल्याकडे. हा टायरवाला म्हणजे बोलून बोलून समोरच्याची हवा काढणारा गडी. रस्ता राकट तर टायरही राकट पाहिजे, असं म्हणून त्याने मोठमोठ्या ठोकळ्यांची नक्षी असलेले टायर गळ्यात मारले. ते चिखलात भारी, दगडात भारी. पण आजारी बाईला घेऊन कोण चिखलात उतरतंय? गाडी आधीपेक्षा जास्त थरथरायला लागली आणि वर भुंगा शिरल्यासारखी गुणगुणायला लागली. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. बायको शेजारच्या सीटवर जेमतेम गल्लीच्या टोकापर्यंत बसली आणि म्हणाली, गाणं चांगलं आहे हो, पण ठेका फार जोरात धरते ही.

त्या दिवसापासून त्याने तिला गाडीत बसवणं बंद केलं. तिच्या जागी पेला बसवला. स्टीलचा पेला, काठोकाठ पाणी, खाली घडी घातलेला पांढरा रुमाल. घरापासून डोंगराच्या वाटेवरच्या मोडक्या पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं. रुमाल किती भिजला ते बघायचं. कोरडा रुमाल घरी येईल त्या दिवशी बायकोला न्यायचं, असं त्याने ठरवलं. तिला विचारून ठरवलं का? छे. खोक्यातल्या काचेला कुणी विचारतं का.

मग त्याला भेटला तो उस्ताद. गाड्यांच्या स्प्रिंगा आणि शॉकअॅब्सॉर्बर बसवणारा, कमी बोलणारा, ग्रीसने काळी झालेली नखं. त्याने चाकं बघितली आणि म्हणाला, "काका, ही चाकं मिरवायची आहेत. रिम एक नंबर लहान घ्या, टायरची भिंत जाड घ्या, साध्या मऊ नक्षीचा टायर घ्या. हवा हीच खरी गादी." हे ऐकून सावकाशरावाला भावाची भेट झाल्यासारखं वाटलं. खोक्याची भिंत आणि काच यांच्यात जितका भुसा जास्त तितकी काच सुखी, हेच तर तो आयुष्यभर सांगत आला होता. चाकं बदलली. रुमाल अर्धा भिजला.

बायको तेव्हा काठी टेकत फाटकापर्यंत यायची. नवी चाकं बघून म्हणाली, छान आहेत, आता निघू या का. तो म्हणाला, अजून जरा. मऊ शॉकअॅब्सॉर्बर मागवलेत, ते आले की निघू.

ते यायला वेळ लागला. आले ते दुसऱ्याच गाडीचे आले, परत पाठवले, पुन्हा वाट बघितली. रोज दुपारी ताईचा फोन. कधी येतेस गं? गाडी तयार होतेय, ताई. पुन्हा फोन. गाडी तयार होतेय. शेवटी ताई वैतागून म्हणाली, "गाडी आहे का नवरी? किती नटतेय." दोघी बहिणी खूप हसल्या. हसताना हिच्या पाठीत कळ आली, तिने फोन पोटाशी धरला आणि तोंडात पदर कोंबला. सावकाशराव त्या वेळी बाहेर गाडीखाली वाकून नटबोल्ट तपासत होता.

शॉकअॅब्सॉर्बर बसले. मग स्प्रिंगा मऊ घातल्या. आता गाडी पाळण्यासारखी झुलायला लागली, पण मऊ स्प्रिंगांमुळे खोल खड्ड्यात पोट जमिनीला टेकून असा दणका बसायचा की पेला आडवाच. करायला गेलो काय आणि झालं काय. उस्तादाने डोकं खाजवलं आणि स्प्रिंगांवर जाड चकत्या घालून गाडी उंच करू या म्हणाला. तसं केलं. गाडी उंच झाली. आता कुणीतरी कपाळावर हात मारून घ्या, कारण त्या उंचीवर बायकोचा पायच चढेना. मग सावकाशराव सुताराकडे गेला आणि पायरी करून घेतली. पायरी गुळगुळीत होती म्हणून तिच्यावर रबर ठोकायला पुन्हा सुताराकडे.

उस्तादानेच एकदा टोकलं. स्प्रिंग दाबून बसवता बसवता, मान वर न करता तो म्हणाला, "काका, रस्ता आहे तो. थोडं लागणारच." सावकाशरावाला राग आला. लागणारच म्हणणारी माणसं त्याने कारखान्यात खूप पाहिली होती, त्यांचीच खोकी फुटून परत यायची.

आणि या सगळ्यात बायको फाटकावरून खिडकीवर आली, खिडकीवरून पलंगावर. हे त्याला दिसत नव्हतं का? दिसत होतं हो. दिसत होतं म्हणूनच तो आणखी खाली वाकून गाडीखाली शिरत होता. तिथे जे बिघडलं होतं ते पान्याने फिरत होतं. घरात जे बिघडलं होतं त्याला कुठलाच पाना लागत नव्हता. रात्री ती कूस बदलायला त्याला उठवायची, तेव्हा तो इतका जपून तिला वळवायचा की तीच म्हणायची, अहो, लवकर वळवा, सकाळ होईल. एकदा म्हणाली, माझ्या कपाळावर एक कागद चिकटवा, नाजूक माल, ही बाजू वर. तो हसला नाही. तिला हसायचं होतं म्हणून ती एकटीच हसली.

शेवटी एका सकाळी रुमाल कोरडा आला. मोडक्या पुलापर्यंत जाऊन, खड्ड्यांतून, खडीवरून परत येऊन एक थेंब सांडला नव्हता. तो पेला तसाच हातात घेऊन घरात शिरला. इतक्या दिवसांत त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा तुकतुकी होती. पलंगाशी येऊन म्हणाला, "बघ. एक थेंब नाही. आता उद्या निघू."

तिने पेल्याकडे बघितलं. मग त्याच्याकडे. तिला आता उशीला टेकूनही बसवत नव्हतं, हे त्याला त्या क्षणी, पेला हातात असताना कळलं. म्हणजे ठाऊक होतं आधीच, पण कळलं तेव्हा.

ती म्हणाली, "मागच्या सीटवर उशा घालून झोपवलं असतंत, तरी गेले असते मी. त्या जुन्या चाकांवर. दुखलं असतं. दुखतं तर इथेही."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. पण ती रागावली नव्हती, ती फक्त दमली होती. तो तिथेच पलंगाच्या कडेला बसला आणि पेला कुठे ठेवावा ते त्याला सुचेना. मग तिनेच पाणी मागितलं. त्याने चमच्याने पाजलं.

लेकीला बोलावलं. ती दूरच्या शहरातून आली, आईला बघून न्हाणीघरात जाऊन रडली आणि तोंड धुऊन बाहेर आली ती कामालाच लागली. दुपारपर्यंत तिने रुग्णवाहिका ठरवली. आईला मावशीकडे न्यायचं, झोपवून न्यायचं, आणि उद्याच न्यायचं. बाप म्हणाला, रुग्णवाहिकेच्या स्प्रिंगा ट्रकच्या असतात गं, फार कडक. लेक म्हणाली, "बाबा, आता पुरे." शेजारीपाजारी जमले होते, कुणीतरी कुजबुजलं, बैल गेला आणि झोपा केला. बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? पण मनात आलं तरी माणसाने ते गिळावं.

रुग्णवाहिकेत आईजवळ एकालाच बसता येत होतं. लेक बसली. तो आपल्या गाडीतून मागे निघाला. सवयीने की कशाने कोण जाणे, शेजारच्या सीटवर रुमाल घालून त्याने पेला भरून ठेवला होता. वाटेत तिला पाणी लागलं तर, असं त्याने स्वतःला सांगितलं.

मोडका पूल ओलांडला आणि खरा रस्ता सुरू झाला. त्याची गाडी तरंगत होती. खड्डा आला कधी, गेला कधी, त्याच्या बुडाला कळत नव्हतं. खड्डे त्याला कळत होते ते पुढच्या रुग्णवाहिकेवरून. ती उजवीकडे कलायची, डावीकडे आदळायची, तिचं मागचं दार खडखडायचं, आणि मग तेच ठिकाण त्याच्या चाकांखालून लोण्यासारखं निघून जायचं. दाराच्या काचेला आतून पांढरा रंग होता, त्यामुळे काही दिसत नव्हतं. प्रत्येक दणक्याला तो आपल्या मऊ सीटवर बसून दात आवळत होता. सावकाश, सावकाश, असं तो मोठ्याने म्हणत होता, पण पुढच्या ड्रायव्हरला ते कुठून ऐकू येणार.

चढ सुरू व्हायच्या आधी रुग्णवाहिका बाजूला घेऊन थांबली. लेक उतरून त्याच्या खिडकीशी आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती म्हणाली, नाही सोसत आईला. परत फिरा म्हणतेय.

तो धावत गेला. बायको डोळे मिटून पडली होती, खालचा ओठ चावून चावून फुटला होता. त्याने तिच्या कपाळावर हात ठेवला. ती पुटपुटली, ते कान तोंडाशी नेला तेव्हा ऐकू आलं.

"ताईला सांगा, गाडी अजून तयार नाही झाली."

त्याने रस्त्याच्या कडेला उभं राहून फोन लावला. पलीकडे ताईने पहिल्याच घंटेला उचलला, म्हणजे फोन हातातच धरून बसली असणार. निघालात का, असं तिने विचारलं. त्याने सांगितलं ते, शब्दाला शब्द. मग ताई म्हणाली, बरं, असू दे, सावकाश या, आणि तिने फोन ठेवला.

परत फिरताना तो पुढे होता आणि रुग्णवाहिका मागे. आरशात ती तशीच कलत, आदळत येत होती. तो जमेल तितका हळू चालवत होता, म्हणजे मागचाही हळू येईल. घरापर्यंत पोहोचायला संध्याकाळ झाली. लेक आणि ड्रायव्हर आईला आत नेत असताना तो गाडीतच बसून राहिला. शेजारच्या सीटवर पेला काठोकाठ भरलेला होता. रुमाल कोरडा होता.