ओढ्यापलीकडची माती

“ताई, तो डबा खालीच राहू द्या,” कार्यक्रमाचं निवेदन करणारे गुरुजी माझ्या मायला म्हणाले. माइक बंद करून म्हणाले, एवढी अक्कल त्यांना होती.

डब्यात माझ्या बापाच्या समाधीवरची माती होती.

गावच्या स्मशानभूमीत शहीद जवानांचा दगड बसवलाय. त्यावर तीन नावं. दरवर्षी तिघांच्या समाधीवरची माती एका कलशात मिसळायची, असं ठरलं. दोघांच्या समाध्या तिथंच. त्यांची माती पुढाऱ्यांनी चपला काढून उचलली. माझा बाप ओढ्यापलीकडं, आमच्या लोकांच्या मसणवट्यात. तिकडं कुणी फिरकलं नाही. “तुमची तुमीच आणा,” असा निरोप आला. माय पहाटेच गेली. डबा राखेनं घासून नेला होता तिनं.

बाप तिरंग्यात आला तेव्हा सगळं गाव रडलं होतं. ओढ्यापर्यंत. पुढं फौजी आणि आम्ही.

तिघांत शौर्यपदक एकट्या माझ्या बापाला. ते मात्र टेबलावर, मखमलीवर, हारांच्या मधोमध. लोक त्याच्यासोबत फोटो काढत होते.

मी सरपंचांना विचारलं, “माती का नाही घेतली?”

“बाई, राग नका मानू. कलश मारुतीच्या देवळात ठेवायचाय. गाव ऐकना.”

मायनं माझा हात दाबला. “ऱ्हाऊ दे. नाव तर घातलंय न्हं?”

मला तिचा राग आला नाही. भीती वाटली. म्हातारपणी मीही असंच म्हणेन की काय?

मी टेबलाजवळ गेले आणि पदक उचललं.

“अहो, कलेक्टर साहेब यायलेत!” गुरुजी ओरडले. या वेळी माइक चालू होता.

“येऊ द्या. हेबी आमच्याच मसणवट्यातलं हाय. देवाला इटाळ व्हईल.”

एका म्हाताऱ्यानं मान खाली घातली. काय करू त्याच्या मानेचं?

माय घरापर्यंत रडत आली. “आता नावबी पुसतील गं,” म्हणाली. पुसतीलही. गावात बापाचं तेवढंच उरलंय. तेही माझ्या हातानं जाईल, या विचारानं जीव कासावीस होतो. झोप लागत नाही.

तरी दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत जाऊन सांगून आले. पुढच्या वर्षी सरपंचानं ओढा ओलांडायचा, माझ्या बापाची माती स्वतःच्या हातानं उचलायची आणि त्याच कलशात टाकायची. न्हाई टाकली, तर दगडावरचं त्याचं नाव मी छिन्नीनं फोडून काढीन. सगळ्या गावासमोर, साहेबासमोर.

छिन्नी आणून ठेवलीय.