लागू दे वेळ

आमच्या निजामपुऱ्याच्या सोसायटीत मोठ्या वहिनी जिना उतरू लागल्या की खालची माणसं वर चढायची थांबत. दोघांना जागाच नसे. वहिनींना त्याचं काही वाटायचं नाही. "मी आहे तेवढी आहे," म्हणत सावकाश उतरायच्या आणि थांबलेल्या प्रत्येकाची विचारपूस करायच्या.

नवरात्रात मात्र त्यांचा चेहरा उतरे. गुडघे गेलेले, दम लागायचा. गरबा सुरू झाला की पोरी प्रेमाने खुर्ची आणत, "मासी, बेसो ने." वहिनी बसायच्या, पण कोणी कोंडून घातल्यासारख्या. बडोद्यात नवे मॉल आणि नवी ऑपरेशनं येत होती त्या दिवसांत एकदा मला म्हणाल्या, "मालू, मला या खुर्चीतून उठायचंय. जठर लहान करतात म्हणे. तू चल बरोबर."

डॉक्टर तरुण, गुजराती. म्हणाले, आधी पंधरा दिवस जेवण बंद, नुसतं पातळ प्या, वजन थोडं उतरवून या. वहिनी म्हणाल्या, उपासाची मला सवय आहे. आणि जन्मभर केला तसाच उपास त्यांनी केला. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, वर रताळ्याचा कीस. परत गेलो तर काटा चढलेला.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मग शांतपणे समजावलं. चरबीने वाढलेलं लिव्हर जठरावर येतं, ते उचलून धरावं लागतं. जाड पोटात हत्यारं नीट फिरत नाहीत. वजन जास्त तसं ऑपरेशन लांबतं, आणि गुंगीत फार वेळ राहणं जोखमीचं. तुम्ही हा विचार सोडलात तर बरं, असंही म्हणाले.

"सोडू कसा?" वहिनी म्हणाल्या. "वजनाचा दवाखाना काढलात आणि वजनदार माणसाला दारातून परत पाठवता? पातळ म्हणजे काय ते आता कळलं. मी येते परत."

मुलगा म्हणाला, आई, कशाला जिवाशी खेळतेस. त्या म्हणाल्या, जीव माझा आहे. दिवाळीच्या चकल्या त्यांनी घरादारासाठी तळल्या, स्वतः ताक आणि मुगाचं पाणी पीत. या खेपेला काटा उतरला, पण थोडाच. डॉक्टर म्हणाले, तरी वेळ लागशे, बेन.

"लागू दे. मला कुठे गाडी पकडायचीय."

ऑपरेशनला आत जाताना आम्हाला बजावून गेल्या, दार लवकर उघडलं नाही तर रडत बसू नका, माल जास्त आहे. त्यांच्यानंतर आत गेलेली एक बारीकशी बाई बाहेर आली, तरी आमचं दार बंदच. मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा होता. मी त्याला आईचं वाक्य पुन्हा पुन्हा ऐकवत राहिले, खरं तर स्वतःलाच.

शुद्धीवर आल्यावर वहिनींनी पहिलं विचारलं, किती वेळ लागला? डॉक्टर हसले, म्हणाले, आजवर माझ्याकडे कोणालाच इतका लागला नव्हता. "म्हणजे पहिला नंबर," वहिनी घोगऱ्या आवाजात म्हणाल्या.

पुढच्या नवरात्रात त्या गरब्यात उतरल्या. अख्खं वर्तुळ त्यांना वळसा घालून पुढे जाई, त्या आपल्या चालीने फिरत. तशा बरीच वर्षं फिरल्या. मग एका पावसाळ्यात साध्या तापाचं निमित्त झालं आणि गेल्या.

यंदा पोरींनी खुर्ची माझ्यासाठी आणली. मी तिच्यावर माझी पर्स ठेवली आणि गरब्यात शिरले. मागून कोणीतरी म्हणालं, मासी, धीमे धीमे.

धीमेच जातेय, बाई. वेळ लागेल. लागू दे.