ओल्या भुईवरचा फ्रिज

वडसा शहरातल्या एका दुकानातले फ्रिज गावोगावी नेऊन बसवायचे, हे काम खुशाल एकोणीस वर्षं करत होता. त्या दिवशी सकाळपासून चार घरं झाली होती, गुडघे कुरकुरत होते आणि एप्रिलचं ऊन कोणाच्या बापाचं ऐकत नव्हतं. आता एकच घर उरलं होतं, शकुबाईचं.

तिच्या दारात पाय ठेवला आणि तो तिथेच थबकला. नवी वस्तू घरात येणार म्हणून बाईने नुकतंच शेणाने सारवलं होतं. ओल्या भुईवर रांगोळी, हातात आरतीचं ताट, पाय अनवाणी.

"लावा भाऊ लवकर," ती खाटेवरच्या नवऱ्याकडे बोट दाखवत म्हणाली. "यायचं इन्सुलिन माठाले टेकवून ठेवून राह्यले मी. मागची बाटली गरमीनं खराब झाली."

"ट्रॅक्टरमधी आडवा आला बाई. आतलं तेल खाली बसाले तीन-चार तास उभा राहू द्या, मंग चालू करू."

मेन स्विच बंद करून त्याने भिंतीतला बोर्ड उघडला. तीन भोकांचं सॉकेट होतं, पण तिसऱ्या भोकाला तारच नव्हती. करंट जमिनीत उतरवणारं अर्थिंग घराला नव्हतंच. दुकानाच्या कागदावर त्याविषयी एक शब्दही नव्हता. फ्रिज उभा करा, दाखवा, सही घ्या, निघा, एवढंच. तेवढ्यात टेम्पोवाल्याचा फोन आला; अरुंद पुलावरून टेम्पो येत नाही म्हणून तो पलीकडेच थांबला होता आणि फ्रिज तिथून ट्रॅक्टरने आणला होता.

"खुशालभाऊ, येता का मी जाऊ?"

तीन वर्षांपूर्वी असाच फोन आला होता आणि तो काम तसंच टाकून निघून गेला होता. इतवारी नावाच्या बाईच्या घरून. तिथेही अर्थिंग नव्हतं, तिथेही भुई ओली होती. "नंतर करून घ्या," असं सांगून त्याने कागदावर तिचा अंगठा घेतला होता. दोन महिन्यांनी उंदराने फ्रिजची तार कुरतडली आणि दारात करंट उतरला. फ्रिजभोवती सारवताना इतवारीचा ओला हात दाराला लागला, आणि बाई गेली. दुकानदार म्हणाला, कागद आपल्याकडे आहे, घाबरू नको. कागद होताच. पण खुशालला त्यानंतर नीट झोप लागली नाही, आणि हे त्याने बायकोला, मनकर्णालाही, कधी सांगितलं नाही.

"जा तू," तो फोनवर म्हणाला. "मी बसनं येतो."

मग शकुबाईकडून खड्डा खणायला सब्बल आणि त्यात भरायला कोळसा आणि जाडं मीठ मागून घेतलं. लोखंडी पाइप त्याच्यासोबत कायम असे. टेम्पोवाला त्याला म्हाताऱ्याची काठी म्हणून चिडवायचा. परसातली जमीन दगडासारखी. प्रत्येक घावाला खांदा ओरडत होता आणि खुशाल मनातल्या मनात स्वतःलाच शिव्या घालत होता.

खाटेवरून शकुबाईचे यजमान गुणवंतराव बघत होते. "विहीर खोदून राह्यले का जी?"

"पाणी लागलं तं तुमचंच," खुशाल म्हणाला. हसायचं त्राण मात्र नव्हतं.

चार फूट गेल्यावर त्याने पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मीठ भरलं, पाणी ओतलं, तार ओढून तिसऱ्या भोकाला जोडली. फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे घेऊन लाकडी फळीवर ठेवला. "आता याच्याभवती सारवायचं नाई. सारवलं तं आधी प्लग काढायचा," त्याने शकुबाईला दोनदा वदवून घेतलं. तोवर ऊन उतरलं होतं. त्याने मेन स्विच चालू केला, सॉकेटच्या करंटच्या भोकात आणि नव्या अर्थिंगमध्ये टेस्ट बल्ब लावून पाहिला. बल्ब लख्ख पेटला, म्हणजे अर्थिंग धरलं होतं. मग फ्रिज चालू केला आणि त्याच्या अंगावर टेस्टर फिरवून बघितला; तो पेटला नाही.

शकुबाई ताट घेऊन पुढे आली.

"थांबा," तो म्हणाला.

त्याने चपला काढल्या. भुईवर लोटाभर पाणी ओतलं, त्यात अनवाणी उभा राहिला आणि फ्रिजच्या दाराला पूर्ण पंजा लावला. काही झालं नाही. तरी त्याने हात काढला नाही. डोळे भरून आले, ते त्याने पुसलेही नाहीत.

"काऊन भाऊ?" शकुबाई घाबरली. "करंट लागून राह्यला का?"

"नाई बाई," खुशाल म्हणाला. "कायच नाई लागून राह्यलं."