पोटदुखीचा लिलाव

आईला फुलांच्या बाजारात सगळे ‘भोंगा’ म्हणायचे. घाऊक लिलाव ती पुकारायची. शेडच्या या टोकाला तिनं “एक वार” म्हटलं की त्या टोकाचे हमालसुद्धा माना वळवायचे. “तीन वार” म्हणून तिनं फळीवर काठी आपटली की सौदा पक्का. मग व्यापारी कितीही हात चोळत बसो.

मी तान्ही असताना बाबांना अल्सर झाला. मोठ्या डॉक्टरांनी कारण सांगितलं, मनस्ताप. घरात वाद नको, आवाज नको, दूध आणि उकडलेले बटाटे द्या. मग चष्म्यावरून आईकडे बघत म्हणाले, “बाईंनी जिभेला जरा आवर घालावा.” बाबांची धाकटी बहीण, आमच्याच घरात राहणारी माझी आत्या, तिथंच उभी होती. तिच्या हाती आयतं कोलीतच मिळालं.

आईचा बाजार सुटला. रेडिओ कपाटात गेला. हातातून भांडं पडलं तरी आत्या दारात हजर. “वहिनी, दादाच्या जिवावर उठलीयस का?” आई कुजबुजत जगू लागली. सगळ्यात वाईट म्हणजे तिला ते पटलं होतं. बाबांना रक्ताची उलटी झाली की ती न्हाणीघरात जाऊन स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायची. मी पाहिलंय. ते मी कुणालाही माफ करणार नाही.

मला दुसऱ्या शहरात नर्सिंगला प्रवेश मिळाला. बाबा नाही म्हणाले. आई कितीतरी वर्षांनी मोठ्यानं म्हणाली, “ती जाणार.” बाबांनी दोन्ही हातांनी पोट धरलं आणि मटकन खुर्चीत बसले. आत्या किंचाळली. तिच्या किंचाळण्यानं बाबांना कधी काही होत नसे. आईनं तोंड मिटलं आणि मी खोक्यांच्या कारखान्यात पुठ्ठे चिकटवू लागले.

गेल्या वर्षी बाबांना पुन्हा रक्तस्राव झाला. या वेळी डॉक्टरीण तरुण होती. तिनं नळी घालून पोट आतून पाहिलं, तपासणी केली आणि म्हणाली, “जंतू आहे. गोळ्यांनी जाईल.”

“आणि माझं बोलणं?” आईनं कुजबुजत विचारलं.

“त्यानं अल्सर होत नाही, मावशी. तेव्हा तसंच मानायचे. आम्हालाही आधी तेच शिकवलं होतं. आज मी सांगतेय त्यातलंही काही उद्या चुकीचं ठरेल.”

“उद्याचं उद्या. आजचं जरा मोठ्यानं सांगा. आमच्या वन्संना कमी ऐकू येतं.”

आत्याला टाचणी पडलेली ऐकू येते. डॉक्टरणीनं मोठ्यानं सांगितलं.

मला वाटलं, घरी पोचताच स्फोट होणार. पण आईनं बाबांच्या गोळ्या अशा सांभाळल्या की शेजारणी तिचं उदाहरण देऊ लागल्या. एक गोळी चुकू दिली नाही. मला मात्र म्हणाली, “आजारी माणसाशी भांडले तर पुन्हा मीच पापी. ठणठणीत होऊ दे.”

पुन्हा तपासणी झाली. जंतू गेला होता. त्या संध्याकाळी आईनं बाबांना मिरचीचा झणझणीत रस्सा वाढला. त्यांनी तो चाटूनपुसून खाल्ला. मग ती बोलली, बाजारातल्या आवाजात. खिडकीची तावदानं थरथरली.

“पोरीचं कॉलेज बुडालं, त्या दिवशी तुमचं पोट खरंच दुखत होतं का?”

बाबांचे हात आपोआप पोटाकडे गेले.

“हात खाली!”

हात खाली आले. “डॉक्टरच म्हणाले होते...” बाबा पुटपुटले.

“डॉक्टरांना ठाऊक नव्हतं, ते चुकले. तुमच्या पोटाचं तुम्हाला ठाऊक होतं. दुखत होतं का? एक वार.”

बाबा रिकामं ताट बोटानं पुसू लागले. मला इतका आनंद होत होता की लाज वाटायला हवी होती, वाटली नाही.

“दोन वार.”

“दादा, सांग ना, दुखत होतं म्हणून,” आत्या म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. तिनंही जन्मभर त्या पोटाचीच राखण केली होती.

बाबांनी मान वर केली नाही.

“तीन वार,” आई म्हणाली आणि तिनं रश्शाचा डाव टेबलावर आपटला.