केझायाच्या दोन खोट्या खाचा

केझाया लेडफर्ड बंदुकीच्या नळ्या करायची आणि नाव व्हायचं सासऱ्याचं, एनॉसचं. कॅरोलायनाच्या त्या डोंगरात जो तो म्हणायचा, "नळी घ्यावी तर एनॉसच्या हातची!" एनॉसच्या हातची, डोंबलाची! म्हाताऱ्याचा खांदा दोन वर्षांपूर्वीच कामातून गेला होता. गोळीला गिरकी मिळावी म्हणून नळीला आतून पीळदार खाचा पाडतात ना, त्या आता सून पाडायची. पात्याचा दांडा नळीत घालून पुढे-मागे ओढायचा, एकेका खाचेला शंभर-शंभर वेळा. म्हातारा बाकड्यावर बसून हुकूम सोडायचा, आणि शेवटी नळीवर स्वतःचं नाव कोरायचा.

खाचा मात्र सात. एनॉसच्या उस्तादानं सात शिकवल्या, म्हणून अख्ख्या खोऱ्यात सात. गिऱ्हाईक नळीच्या तोंडात करंगळी फिरवून मोजायचं आणि सात भरल्या की खूश.

केझायाला ते पटायचं नाही. सातवी खाच येईपर्यंत पातं बोथट व्हायचं, हात गळून जायचे, आणि शेवटच्या दोन खाचा उथळ राहायच्या.

"मामंजी, पाचच पाडू या. पण सगळ्या सारख्या खोल."

"हो का? उद्या म्हणशील, गाईला तीन पाय पुरेत!"

विषय संपला. पण म्हातारा आठवडाभर लेकीकडे गेला आणि बाईनं डाव साधला. चांगली पाच खाचांची नळी ओढली, आरशासारखी! ह्या एका नळीवर तरी आपलं नाव असावं, असं तिला फार फार वाटलं. मग करंगळी आठवली आणि तिचं धाबं दणाणलं. कानस घेऊन तिनं नळीच्या तोंडाशी दोन जादा खाचा घासल्या, नखभर लांबीच्या.

एनॉस परतला. लांबचं त्याला घारीसारखं दिसायचं, जवळचं मात्र धूसर; नावही तो सवयीनंच कोरायचा. त्यानं करंगळी फिरवली. सात!

"झकास, सूनबाई! बैलाच्या नेमबाजीला हीच बंदुकीला चढवून नेतो. जिंकली तर तिथंच नाव कोरीन."

शनिवारी सगळं खोरं जमलं. ज्याची गोळी फळीवरच्या फुलीच्या सर्वांत जवळ, त्याला बक्षिसाच्या बैलाची पहिली मांडी. एनॉसनं चरबी लावलेल्या चिंधीत गोळी गुंडाळली, ठासली, नेम धरला. धडाम! फळीवरची फुली मधोमध फुटली.

"सात खाचा, बाबांनो! मोजून सात!" म्हातारा नाचायलाच लागला.

जुबाल प्रुइट मेला भारी खवचट. त्यानं गवतात पडलेली धुरकट चिंधी उचलली. चिंधीवर खाचांच्या रेघा उमटतात, ते तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"एनॉस, तुझं गणित कच्चं का रे? इथं तर पाचच रेघा!"

केझाया पुढं झाली.

"पाचच आहेत, मामंजी. तोंडाशी दोन खोट्या आहेत. मीच घासल्या."

एनॉसनं करंगळी पुन्हा घातली, ह्या वेळी बोटाच्या पार मुळापर्यंत. मोजलं. पुन्हा मोजलं.

"अरे देवा! चाळीस वर्षं दोन-दोन खाचा फुकट ओढल्या की मी!" आणि तो असा हसत सुटला की डोळ्यांतून पाणी आलं. जुबालसुद्धा हसला.

मग एनॉसनं खिशातून कानस आणि कोरायची छिन्नी काढली, सुनेच्या हातात दिली.

"आधी त्या दोन घासून काढ. खोट्या मालावर लेडफर्ड नाव घालत नाहीत."

"आणि मग? कुणाचं नाव, मामंजी?"

"मला जवळचं दिसतं का, बये? तुझं तू कोर!"

ओंडक्यावर बसून तिनं त्या दोन्ही खोट्या खाचा साफ केल्या. छिन्नी टेकवली, पण हसू काही आवरेना. त्या नळीवरचं पहिलं अक्षर म्हणूनच तिरकं आहे.