आयांची नावं

कोचकोर गावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सायराकुलनं उमेदीची सगळी वर्षं काढली. कानाला यंत्र लावून ती खोऱ्यातली गावं एकमेकांना जोडून द्यायची, नुसत्या आवाजावरून माणूस ओळखायची. पुढे घराघरात मोबाइल आले, एक्स्चेंजला कुलूप लागलं आणि तिच्या कानांना काम उरलं नाही. मग तिनंच काम शोधलं. मयताच्या घरी बायका हेल काढून गातात ती शोकगीतं, कोशोक, ती रेकॉर्ड करायला लागली. गाणं संपलं, चहा आला की ती विचारायची, "तुझी आई कोण? तिची आई कोण? तिच्या मागची?"

म्हाताऱ्या हसायच्या. "अगं, बापाच्या सात पिढ्या विचार, घडाघडा म्हणते. आया कोण मोजतं?"

"मी मोजते. आठव."

कुणाला दोनच आठवायच्या, कुणी डोळे मिटून सहा-सात सांगायची. ती सगळी नावं, त्यांची माहेरची गावं, सायराकुल त्या गाण्याच्या फाइलला नाव म्हणून देऊन टाकायची. नवरा होता तोवर चेष्टा करायचा, "हे फाइलचं नाव आहे की लग्नाची वरात?" ती म्हणायची, "तू नको वाचूस."

गाणी राजधानीच्या संग्रहात जाणार असं ठरलं, तेव्हा तिथं पोचवण्यासाठी ती गाण्यांची डिस्क पिशवीत घालून गावच्या सांस्कृतिक भवनात गेली. तिथल्या एर्मेकनं डिस्क जोडली, कॉपी सुरू केली. थोडं पुढे जाऊन गाडी अडली. पुन्हा केलं, पुन्हा अडली.

"एजे, डिस्क म्हातारी झाली तुमची," एर्मेक म्हणाला. वयानं मोठ्या बाईला तिथं एजे, म्हणजे ताई, म्हणतात.

"म्हातारी मी झालेय. ती कालपर्यंत घरी गात होती."

एर्मेकनं वायर बदलली. पुढच्या खाचेतून काढून मागच्या खाचेत लावली. डिस्क तपासायला लावली आणि ती होईपर्यंत दोघांनी चहा प्यायला. डिस्कमध्ये कसलाच दोष निघाला नाही.

"ठणठणीत आहे. बिचारीला उगाच नावं ठेवली मी," म्हणत त्यानं या वेळी पडद्यावरची सूचना नीट वाचली. "अरेच्चा! नाव फार लांब आहे म्हणतंय. ज्यांच्या आया जास्त, त्याच फाइली अडताहेत. सोपं आहे एजे, नावं काढून नंबर टाकतो."

"हात लावू नकोस."

"गाणं तसंच राहील हो!"

"बाळा, बाईचं नाव आजवर प्रत्येकानं असंच सोपं म्हणून काढलंय. मी गावोगाव हिंडून ती परत गोळा केलीत. तुझ्या यंत्राला जड होतात म्हणून पुन्हा पुसू?"

सायराकुल खुर्ची ओढून पडद्यासमोर बसली. "हे माझ्या घरी कसं चाललं मग? तुझं यंत्र मोजतं तरी कुठून?"

"अगदी पहिल्या फोल्डरपासून फाइलच्या शेवटापर्यंत. सगळ्या नावांची अक्षरं मिळून."

"म्हणजे तुमच्या फोल्डरांची नावंही त्यात? वाच बघू."

एर्मेक वाचायला लागला. खात्याचं पूर्ण नाव, त्याच्या आत विभागाचं, त्याच्या आत वारसा जतन व संवर्धन उपक्रम, त्याच्याही आत प्राप्त साहित्य वर्गीकरणासाठी प्रलंबित. वाचता वाचता त्यालाच हसू फुटलं.

"मग तुमचं कापा," सायराकुल म्हणाली.

नेमके तेवढ्यात संचालक मुरातालीसाहेब दारात आले. "फोल्डरची रचना ठरलेली आहे. ती बदलता येत नाही," ते म्हणाले.

"तुमची रचना कुणी ठरवली?"

"वरून आली."

"माझी मागून आलीय. तुमच्या आजीचं नाव काय, साहेब? आईच्या आईचं?"

"आम्ही नुसतं आजीच म्हणायचो," मुराताली म्हणाले.

"बघा. यांच्यातली एखादी तिची बहीण असेल, तुम्हाला पत्ताही नसेल. नावांसकट घ्या, नाहीतर मी घरी नेते. राजधानीला कळवा, म्हातारीनं दिली नाहीत."

साहेब आपल्या खोलीत गेले. त्यांनी हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही. एर्मेकनं तेवढ्यावर काम उरकलं. सगळ्या फोल्डरांच्या बाहेर, थेट ड्राइव्हवर, एका अक्षराचं फोल्डर केलं: एनेमधला 'ए'. एने म्हणजे आई. कॉपी सुरू झाली. लांबलचक नावं एकामागून एक सरकत गेली. सायराकुल ओठ हलवत प्रत्येक नाव वाचत होती. शेवटचं गेलं तेव्हा तिनं एर्मेककडून गाणी मोजून घेतली, प्रत्येक लांब नावाचं गाणं थोडं वाजवायला लावलं, आणि मगच डिस्क काढू दिली.

हिवाळ्यात मुरातालींनी ते फोल्डर जागच्या जागी, ठरलेल्या रचनेत हलवायचा हुकूम दिला. ते हलेना. तीच सूचना आली. एर्मेकनं खांदे उडवले, साहेबांनी नाद सोडला. खात्याचा संगणक उघडला की आजही आधी आया दिसतात.

वसंतात सायराकुल पुन्हा दारात उभी राहिली. "घे रे," ती म्हणाली, "या खेपेला नावं आणखी लांब आहेत."