बर्फ आमच्या बागेतला आणि त्यांच्या डोंगरावरचा

जानेवारीतल्या एका सकाळी नॉटिंगहॅमला चार बोटं बर्फ पडला आणि इंग्रजांचं राज्य ठप्प झालं. ट्रेन बंद, शाळा बंद, पोस्टमन बेपत्ता. मी डॉक्टर आहे त्या हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये मात्र सगळ्यांना एकदम स्कीइंगची हुक्की आली. मीही त्याच दुपारी स्कॉटलंडच्या डोंगरातलं एक गेस्टहाउस बुक केलं. आमच्या बागेत एवढा, तर तिथे केवढा, असा माझा शास्त्रशुद्ध हिशेब होता.

फेब्रुवारीत बायको स्मिता आणि मुलगी ईरा यांना घेऊन निघालो. स्कॉटलंडातल्या पर्थ शहराच्या पुढे डोंगर दिसले. ते तपकिरी होते आणि त्यांच्यावर पाऊस कोसळत होता.

"पाऊसच बघायचा होता तर महाबळेश्वर काय वाईट होतं?" स्मिता म्हणाली. मी वायपरचा वेग वाढवला.

गेस्टहाउसच्या मालकीणबाई मोराग साठीच्या होत्या. सगळ्या घरात पाहुणे आम्हीच.

"बुकिंग केलंत तेव्हा तुमच्याकडे बर्फ होता ना?" चहा ओतताना त्यांनी विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"त्या दिवशी मला फोन खाली ठेवायला उसंत नव्हती. त्याआधी डिसेंबरभर डोंगर पांढराशुभ्र होता, तेव्हा काळं कुत्रंही फिरकलं नाही."

पुढे पाऊस लागला आणि बाकीच्यांनी बुकिंग रद्द केलं. नवऱ्यामागे त्यांनी हे घर एकटीने चालवलं होतं. हाही हिवाळा गिऱ्हाइकांविना गेला तर ईस्टरला विकायचं, असं बिस्किटं पुढे करत त्यांनी सांगितलं.

सकाळी पॉरिज (ओटची पेज) खाऊन डोंगरावर गेलो. मोराग त्यात मीठ घालतात. स्मिता पर्समध्ये वेलदोडा शोधत राहिली. वर बर्फाची एक अरुंद पट्टी होती. फलकावर तिला 'मर्यादित बर्फ' म्हटलं होतं, आपल्याकडे कोरड्या नळाला 'कमी दाबाने पाणीपुरवठा' म्हणतात तसं. भाड्याच्या स्कीज चढवून मी मोठ्या डौलात घसरलो आणि थेट हेदरमध्ये (रानझुडपात) जाऊन पडलो.

"बाबा, बर्फ संपली," ईरा म्हणाली. व्याकरण चुकलं, निदान अचूक होतं.

निघायच्या दिवशी पडदा सारला तर सगळं पांढरं. रस्ता उघडा, डोंगरावर नेणारी लिफ्ट चालू. माझी दुसऱ्या दिवशी ऑन-कॉल ड्यूटी, त्यामुळे निघणं भाग होतं. खाली मोराग फोनपाशी बसून रद्द केलेल्यांना एकेक फोन लावत होत्या. पलीकडून सगळीकडे एकच उत्तर: आमच्याकडे ऊन आहे. त्यांचा चेहरा मला बघवेना.

"तुमच्या हॉस्पिटलमधल्या कुणाला सांगून बघता का?" त्यांनी रिसीव्हर माझ्यापुढे धरला.

मी शिरीषला, माझ्या सहकाऱ्याला, फोन लावला. "अरे, इथे गुडघाभर बर्फ पडलाय. वीकेंडला या सगळे."

"वेडा झालास का? इथे मस्त ऊन पडलंय. आम्ही गार्डन सेंटरला रोपं आणायला निघालोय."

मोरागना मराठी येत नव्हतं, तरी सगळं समजलं. त्यांनी आम्हाला वाटेसाठी सँडविच बांधून दिली.

परतताना वाटत राहिलं, या देशात हवामानाचा अंदाज तासातासाला सांगतात, आणि डोंगरावर जायचं की नाही हे माणसं स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघून ठरवतात. मीही तसंच ठरवलं होतं.

ईस्टर उलटला आणि एप्रिलमध्ये नॉटिंगहॅमला अवचित बर्फ पडला. सकाळीच शिरीषचा फोन.

"त्या तुझ्या बाईंचा नंबर दे रे. आत्ताच्या आत्ता निघावंसं वाटतंय."

"त्यांनी घर विकलं," मी म्हणालो. मोरागचं कार्ड आदल्याच आठवड्यात आलं होतं, आणि मला फार वाईट वाटलं होतं.

"अरेरे," तो म्हणाला. "मग दुसरं कुठलं माहीत आहे का? जरा लवकर सांग, इथला वितळायला लागलाय."